डबल बास: घरी गोड, अँपमधून पत्रा. करू काय?

चारतारी

नमस्कार मंडळी. बारा वर्षं इलेक्ट्रिक बास वाजवल्यावर आठ महिन्यांपूर्वी एकदाचा डबल बास (व्हायोलिनसारखं दिसणारं, उभं धरून वाजवायचं मोठं खर्जाचं वाद्य) घेतला. जुना, प्लायवुडचा, थ्री-क्वार्टर मापाचा. घरी कोपऱ्यात उभा राहून वाजवला की पायाखालची फरशी थरथरते. कार्यक्रमात मात्र तोच बास नुसता टकटक करतो. ब्रिजच्या (तारा पेलणाऱ्या लाकडी घोडीच्या) पंखाच्या खाचेत बसणारा पिएझो पिकअप (थरथर पकडून अँपला पाठवणारा) आहे, त्याची वायर सरळ अँपच्या मागच्या इनपुटला. आवाज कसा येतो, तर रिकाम्या डब्यावर रबर ताणून छेडल्यासारखा. बासचा नॉब चढवला की ए तारेवरच्या बी-सीच्या आसपास घूंऽऽ सुरू होतं आणि सगळे वळून माझ्याकडे बघतात. ड्रमरने ब्रश ठेवून काठ्या उचलल्या की मी बँडमधून वजाच.

पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. नवा पिकअप घेऊ, माईक घेऊ की मोठा अँप?

मंद्रसप्तक

माईकच घ्या. पिएझोला कितीही मुलामा दिला तरी तो पिएझोच राहतो. ब्रिजजवळ क्लिपने लागणारे छोटे माईक मिळतात. माझ्याकडे आहे, बास बाससारखा वाजतो.

जुनी घोडी

चारतारी, थांबा जरा. काहीच घेऊ नका अजून.

मंद्रसप्तक, तुमचं म्हणणं चूक नाही, पण तुमच्या शेजारी ड्रमर कोण बसतो ते सांगा. शांत बँडमध्ये माईकसारखं सुख नाही. काठ्यांचा मार सुरू झाला की त्याच माईकमधून बासपेक्षा झांजा जास्त ऐकू येतात. मी तरुणपणी साधा गाणाऱ्यांचा माईक स्पंजात गुंडाळून ब्रिजच्या दोन पायांमध्ये कोंबत असे. हळू गाण्यांत स्वर्ग. मग ट्रंपेटवाला उभा राहिला की साउंडवाला माझा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढायचा आणि मी उरलेली रात्र मूकनाट्य करायचो.

माझं वय ७१. त्यातली ४६ वर्षं हे कपाट खांद्याला लावून गेली. त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिला प्रश्न: वायर अँपच्या नेमक्या कोणत्या भोकात जाते? 'मागचं इनपुट' वाचून मला शंका आली. १९८३ साली मी पहिला पिकअप बसवला. हॉलमधल्या मिक्सरला सरळ जोडला आणि तुम्ही लिहिलंय अगदी तसाच डबा वाजला. दोन वर्षं मी पिकअपला शिव्या घातल्या. तारा बदलल्या, चांगला ब्रिज तासून पातळ करून घेतला (तो गेला तो गेलाच). शेवटी रेडिओ दुरुस्त करणारा एक मित्र तालमीला येऊन बसला होता. त्याने वायर हातात घेतली आणि विचारलं, "हे स्फटिकाचं आहे ना? मग याला इतक्या खादाड इनपुटला का जोडलंय?"

त्याचं म्हणणं असं, की पिएझो म्हणजे दाबल्यावर व्होल्टेज देणारा स्फटिक. व्होल्टेज देतो, पण करंट देण्याची त्याची ऐपत नाही. समोरचं इनपुट कमी रोधाचं असलं की आधी खालचे स्वर गळतात आणि उरते वरची टकटक. निदान १ मेगओहमचं इनपुट हवं, १० मेगओहम असेल तर उत्तम. त्याने एक ट्रान्झिस्टर आणि ९ व्होल्टची बॅटरी घालून काडेपेटीएवढी डबी करून दिली. ती मधे लावली, ई तार छेडली आणि मी स्टूलवर खाली बसलो. दोन वर्षं ज्याला शिव्या घातल्या तोच पिकअप! तेव्हा आधी अँपच्या माहितीपत्रकात त्या इनपुटचा आकडा बघा.

दुसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. बासचा नॉब चढवू नका, उतरवा. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची. पण आपल्या वाद्याच्या पोटातली हवा घुमते ती साधारण ६०-६५ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तुमच्या त्या छळवादी बी-सीजवळ. त्याच्याखाली हे खोकं फारसं बोलतच नाही. घरी तुम्हाला जो ई ऐकू येतो तो बराचसा ८२ आणि १२३ हर्ट्झचा असतो, खालचा पाया कान स्वतःच भरून काढतो. पिकअपला हे शहाणपण कुठलं? तो ४१ही पाठवतो आणि त्याखालचा पायाचा ठोका, हाताचा धक्का, स्टेजच्या फळ्यांचा दणका, सगळंच इमानदारीत पाठवतो. स्पीकर त्या चिखलात दमतो. हाय-पास फिल्टर असेल तर ४०-५० हर्ट्झपासून खालचं सगळं छाटा. बासवाल्याने बास छाटायचा, जिवावर येतं, ठाऊक आहे मला. एकदा एका साउंडवाल्याने मला न सांगता छाटला होता. कार्यक्रमानंतर आमचाच पियानोवाला म्हणाला, "आज तू कुठले स्वर वाजवतोस ते पहिल्यांदा कळलं." हे तो अकरा वर्षं सोबत वाजवल्यावर म्हणाला.

आता घूं. पोटातली हवा जिथे घुमते तिथेच अँप तिला उचकवतो. प्लायवुडचा बास त्या मानाने सोशिक, कोरीव लाकडाचा याहून लवकर चिडतो. अँप पाठीमागे ठेवून थेट बासच्या अंगावर सोडू नका. बाजूला घ्या, खुर्चीवर ठेवा, तोंड तुमच्या कानाकडे करा. जमिनीवरचा अँप तुमच्या पोटऱ्यांना छान ऐकू येतो, कानांना नाही. प्रीअँपवर (पिकअप आणि अँप यांच्या मधली डबी) फेज, म्हणजे लाटेची वर-खाली बाजू, उलटवायचं बटन असेल तर दाबून बघा, पुष्कळदा घूं तेवढ्यावर निवते. नाहीच निवली तर एफ-भोकांत (बासच्या पोटावरच्या f आकाराच्या फटींत) मऊ स्पंज बसवा, कडांवर जोर न देता, आणि स्पंजाला दोरा बांधून दोऱ्याचं टोक बाहेर ठेवा. मी घाईत स्पंजाऐवजी पायमोजा कोंबला होता. तो आत पडला. अजून आहे. काळा.

आठ मीटरांचं गणितही ध्यानात ठेवा. ई ची लाट आठ मीटरहून लांब, त्यामुळे अँपजवळ ती तयारच होत नाही. तुम्हाला वाटतं बास नाही, म्हणून तुम्ही वाढवता आणि मागच्या रांगेतले कान दाबून बसतात.

आणि पिकअप बदलायचाच झाला, तर ब्रिजच्या पायाखाली सरकवायचे प्रकार मिळतात. ते बसवताना चारही तारा एकदम सैल करू नका. कार्यक्रमाला दोन तास असताना मी केल्या होत्या. आतून बारीकसा 'ठक' आवाज आला. साउंडपोस्ट! ती दांडी चिकटवलेली नसते, पोट आणि पाठ यांच्यामध्ये तारांच्या दाबावर तिचा जीव. तारा सैल, दांडी आडवी. एफ-भोकातून टॉर्च मारून पाहिलं तर मोज्याशेजारी निवांत पडलेली. त्या रात्री उसना इलेक्ट्रिक बास वाजवला. लोकांना आवडला, हे आणखी झोंबलं.

वायरलेला

घोडीकाकांना दंडवत, पण साउंडच्या टेबलामागे बसणारा म्हणून आठ मीटरांवर हरकत नोंदवतो. लाट तयार व्हायला अंतर लागत नाही. लागलं असतं तर हेडफोनमध्ये, कानापासून दोन सेंटिमीटरवर, खर्ज ऐकूच आला नसता. गडबड होते ती भिंतींमुळे. परतणाऱ्या लाटा कुठे एकमेकींना खातात, कुठे दुप्पट होतात. तुम्ही उभे असता तिथे खड्डा आणि मागच्या रांगेत डोंगर, असं होऊ शकतं. दोन पावलं सरकून बघा, त्याच हॉलमध्ये दुसरा बास ऐकू येईल. चारतारींना घरच्या कोपऱ्यात फरशी थरथरल्यासारखी वाटते तीही कोपऱ्याचीच मेहेरबानी.

रेडिओवाल्या मित्राचं मात्र शंभर टक्के बरोबर. पिकअपची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) २ नॅनोफॅरड धरा. ४७ किलोओहमच्या इनपुटला जोडला तर साधारण १७०० हर्ट्झच्या खाली उतार सुरू होतो, म्हणजे अख्खा बास उतारावर. १ मेगओहमला तोच उतार ८० हर्ट्झवर जातो आणि १० मेगओहमला ८ हर्ट्झवर. नॉबने ही भरपाई होत नाही, नुसती घूं वाढते.

चारतारी

काका, मला अरे-तुरे करा, प्लीज.

काल रात्री माहितीपत्रक शोधलं. मागचं भोक बाहेरून गाणी लावायचं ऑक्स निघालं, २२ किलोओहम! पुढचं बासचं इनपुट १ मेगओहमचं आहे. आठ महिने मी ते वापरलं नाही, कारण वायर मागून घेतली की दिसायला नीट दिसायची. पुढे लावली. डबा गेला. बासचा नॉब मधल्या खुणेच्याही खाली आणावा लागला.

आज तालमीत अँप खुर्चीवर ठेवला. बी वर अजून थोडी घूं आहे, फेजचं बटन माझ्या अँपला नाही. शिवाय आता नवीनच दुखणं: प्रत्येक स्वराआधी बोटाचा 'टिक्' ऐकू येतो, लखलखीत आणि बोचरा. तो कसा काढू? आणि तारा स्टीलच्या आहेत, गटच्या (जनावरांच्या आतड्याच्या) लावल्या तर गोलवा येईल का?

जुनी घोडी

वायरलेला, मान्य. चाळीस वर्षं मी पोरांना ते आठ मीटर सांगत आलो. मला ज्याने सांगितलं होतं तोही बासवालाच होता. आता निदान एका पोराला फोन करून कबुली द्यावी लागेल, तो शिक्षक झालाय आणि पुढे तेच शिकवतो.

चारतारी, बरं, एकेरीवर येतो. सगळ्यात महाग पिकअप तू वायर मागून काढून पुढे लावून मिळवलास.

त्या 'टिक्'बद्दल माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. खोटं सांगत नाही, मला तो ऐकूच येत नाही. वरचे कान गेले. काही वर्षांपूर्वी मी ट्रेबल चढवत चाललो होतो, मला वाटायचं बास मऊ पडलाय. आमच्या व्हायोलावालीने एक दिवस सरळ सांगितलं, "तुमच्या प्रत्येक स्वराआधी कुणीतरी नखं कापतंय." तेव्हापासून वरचा नॉब तीच लावते आणि मी त्याला हात लावत नाही. तूही कुणाला तरी समोर उभं करून लाव. माझ्याकडे साधारण अडीच-तीन किलोहर्ट्झच्या वर उतार दिलेला असतो, असं ती म्हणते.

पण नॉबच्याही आधी हात बघ. इलेक्ट्रिकच्या सवयीने तू बोटाच्या टोकाने छेडत असणार. इथे तर्जनी तारेला जवळपास समांतर आडवी टाक, पेराच्या बाजूच्या मांसल भागाने तार ओढ आणि फिंगरबोर्डच्या (तारांखालच्या, बोटं दाबायच्या पट्टीच्या) शेवटापाशी ओढ. खांद्यापासून वजन येऊ दे. टोकाने टिक् येतो, बाजूने हुंकार. पहिले पंधरा दिवस फोड येईल. फुटली तर वाजवणं थांबव, पट्टी लावून शूरपणा करू नकोस, मी केला होता आणि पाच आठवडे घरी बसलो.

गटच्या तारांवर मी नऊ वर्षं काढली. आवाज दणकट आणि लवकर विरणारा, जुन्या रेकॉर्डवर ऐकू येतो तसा. १९४० मध्ये जॅझ बासवाल्या जिमी ब्लँटनने ड्यूक एलिंग्टनच्या पियानोसोबत नुसत्या बासच्या जुगलबंद्या रेकॉर्ड केल्या, त्या ऐक. पिकअप वगैरे काही नाही. पण त्या तारा फिंगरबोर्डपासून उंच ठेवाव्या लागतात आणि हवा बदलली की सुरातून उतरतात. पन्नाशीनंतर माझा डावा अंगठा बोलायला लागला तेव्हा स्टील लावली, ब्रिजच्या चाकांनी तारा खाली घेतल्या, लांब टिकणारा स्वर मिळाला आणि ठोसा गेला. देवाणघेवाण आहे ती. तू आत्ता तारा बदलू नकोस. आधीच दोन गोष्टी बदलल्यास, तिसरी बदललीस तर कशाने काय झालं ते कळणार नाही. पुढेमागे बदलशील तेव्हा एक काढायची, एक लावायची, मग दुसरी. साउंडपोस्ट आठव.

ड्रमरशी बोल एकदा. आम्ही असं ठरवलं होतं, की मला माझा बास अँपशिवाय अजिबात ऐकू आला नाही तर मी त्याच्याकडे बघायचं आणि त्याने ब्रश उचलायचे. दहातल्या सहा वेळा उचलायचा.

बी च्या घूंसाठी स्पंज लावून बघ आणि काय होतं ते इथे लिही. दोरा बांध.

मंद्रसप्तक

काका, तो मोजा काढायचा प्रयत्न केलात का कधी?

जुनी घोडी

साउंडपोस्ट परत उभी करायला कारागिराकडे नेला तेव्हा त्याने चिमट्याने बाहेर काढला होता. नंतरच्या पहिल्याच कार्यक्रमात जी तारेवर घूं आली, म्हणून परत टाकला.