चेरोकींच्या सक्तीच्या स्थलांतरावर मुलांसाठी कादंबरी: कथेची सुरुवात कुठून करावी?

शाईदौत:
दहा ते तेरा वर्षांच्या वाचकांसाठी मी एक छोटी ऐतिहासिक कादंबरी लिहीत आहे. १८३८ साली अमेरिकी सैन्याने चेरोकी या तिथल्या मूळनिवासी लोकांना जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलायना येथील घरांतून बाहेर काढून मिसिसिपी नदीपलीकडे, आजच्या ओक्लाहोमात, धाडले. तो हा विषय. नायिका अकरा वर्षांची चेरोकी मुलगी आहे. सध्याच्या आराखड्यात पहिल्याच प्रकरणात सैनिक दाराशी येतात आणि पुढचे सर्व काही वाटेवर घडते. यात वाचकाला तिची दया येईल, परंतु तिच्याकडून नेमके काय हिरावले गेले हे उमजेल का, याविषयी मला शंका आहे. दुसरा प्रश्न मृत्यूंचा. सुमारे १६,००० लोकांपैकी अंदाजे ४,००० दगावले असे सामान्यतः मानले जाते. या वयाच्या मुलांपुढे हे किती आणि कसे मांडावे?

वाटाड्या:
माझे स्पष्ट मत असे की सैनिक पुस्तकाच्या मध्यावर यावेत, त्याआधी नव्हे. चेरोकींची राजधानी न्यू इकोटा येथे कायदेमंडळ होते, न्यायालय होते, छापखाना होता. १८२७ साली त्यांनी स्वतःची लिखित राज्यघटना स्वीकारली आणि फेब्रुवारी १८२८ मध्ये ‘चेरोकी फिनिक्स’ हे वृत्तपत्र चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघू लागले. त्याला लागणारी लिपी सिक्वोया नावाच्या गृहस्थाने घडवली होती. त्याला स्वतःला इंग्रजी वाचता येत नव्हते, तरीही कागदावरच्या खुणा बोलू शकतात एवढे ओळखून त्याने आपल्या भाषेतल्या एकेका उच्चारासाठी एकेक चिन्ह योजले आणि १८२१ च्या सुमारास ती लिपी पूर्ण केली. अकरा वर्षांची मुलगी आपल्या आजीला ही अक्षरे शिकवते आहे, असे एखादे प्रकरण लिहिलेत तर वाचकाला त्या घराचा लळा लागेल.

घरही जसे होते तसेच दाखवावे: ओंडक्यांची भिंत, मक्याचे शेत, पीचची झाडे. परंपरेने मुलाचे कूळ आईकडून ठरत असे आणि मुलांना वळण लावण्यात मामाचा मोठा वाटा असे, म्हणून घरातला मोठा आवाज वडिलांपेक्षा मामाचा असू द्यावा.

यानंतर संकट येते ते आधी कागदांमधून, आणि मुलांना हे समजणार नाही असे मानू नये. १८३० साली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी स्थलांतराच्या कायद्यावर सही केली. जॉर्जियात सोने सापडले होतेच. १८३२ मध्ये त्या राज्याने चेरोकींची जमीन गोऱ्या नागरिकांना सोडत काढून वाटली, आणि तीही चेरोकी कुटुंबे त्या जमिनीवर राहत असताना. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या निकालपत्रात, जॉर्जियाचे कायदे चेरोकींच्या भूमीवर चालत नाहीत असा निर्णय दिला, पण तो त्यांना वाचवू शकला नाही. डिसेंबर १८३५ मध्ये निवडून आलेल्या सरकारला डावलून मूठभर लोकांनी पूर्वेकडची जमीन सोडून पश्चिमेला जाण्याच्या न्यू इकोटाच्या करारावर सह्या केल्या. मे १८३६ मध्ये सेनेटने तो मंजूर केला; आवश्यक दोन-तृतीयांश मतांत एक मत जरी कमी पडले असते तरी तो फेटाळला गेला असता. १८३८ मध्ये त्याविरुद्ध १५,००० हून अधिक नावांचा अर्ज वॉशिंग्टनला गेला, तरीही करार कायम राहिला. नायिकेच्या घरातले कोणीतरी त्या अर्जावर आपले नाव लिहिताना तिने पाहावे. असा प्रसंग आला की पुढे दाराशी आलेला सैनिक कोणता अन्याय घेऊन आला आहे, हे वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

पानगळ:
वरील मताशी मी सहमत आहे. मृत्यूंविषयी एवढेच सुचवते की सर्व भार हिवाळ्यावर टाकू नये. १८३८ च्या उन्हाळ्यात लोकांना कुंपणे घातलेल्या छावण्यांत कोंडले होते, आणि तिथे हगवण, गोवर व डांग्या खोकला यांनी असंख्य माणसे गेली, त्यांत लहान मुले फार होती. अवर्षणामुळे प्रवास अशक्य झाला तेव्हा प्रमुख जॉन रॉस यांनी जनरल विनफिल्ड स्कॉट यांच्याकडून शरद ऋतूपर्यंत मुदत मिळवली आणि पुढील बहुतेक तुकड्या चेरोकींच्याच देखरेखीखाली निघाल्या. मिसिसिपीत बर्फ वाहत असल्यामुळे काही तुकड्यांना काठावर थांबून राहावे लागले. या पट्ट्यात एकच मृत्यू सविस्तर लिहावा: धाकट्या भावाचा किंवा आजीचा, ज्याच्याशी वाचकाची आधीपासून ओळख आहे. दफन घाईने होते आणि सकाळी तुकडी पुढे निघते, इतके पुरे. चार हजार हा आकडा मलपृष्ठावर किंवा शेवटच्या टिपेत द्यावा, अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी नको.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. काही सधन चेरोकींकडे कृष्णवर्णीय गुलाम होते आणि त्यांनाही ही वाट चालावी लागली. त्यांना वगळले तर पुस्तक खोटे ठरेल.

शाईदौत:
आजी आणि मामा यांची सूचना मला फार मोलाची वाटते. आराखडा त्याप्रमाणे बदलते. गुलामगिरीही येईल, नायिकेच्या वयाच्या एका गुलाम मुलीच्या रूपाने. करारावर सही करणारे चेरोकी नेते मेजर रिज यांना मात्र खलनायक करावे का?

वाटाड्या:
करू नये. रिज १८१४ साली हॉर्सशू बेंडच्या लढाईत जॅक्सन यांच्याच बाजूने लढले होते. आता इथे राहून लोक टिकणार नाहीत, अशी त्यांची खात्री झाली होती. बहुसंख्य चेरोकींना तो घात वाटला आणि जून १८३९ मध्ये ते, त्यांचा मुलगा जॉन आणि वृत्तपत्राचे पहिले संपादक एलायस बूडिनो यांची हत्या झाली. मामा आणि वडील यांच्यात हाच वाद घडू द्या आणि दोघांनाही खरी कारणे द्या. मुलगी कोणाची बाजू घ्यावी हे न कळून गप्प बसली तरी चालेल.

पानगळ:
शेवटाविषयी थोडे. पोहोचल्यावर कथा संपवू नये. १८३९ मध्येच चेरोकींनी टाहलेक्वा येथे नवी राज्यघटना केली आणि १८४१ मध्ये सार्वजनिक शाळांची व्यवस्था उभी केली, त्यामुळे नायिका तेरा-चौदा वर्षांची होईपर्यंत कथा नेता येईल. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत मागे राहिलेल्यांचे वंशज आजही तिथेच आहेत आणि ओक्लाहोमातील चेरोकी नेशनची सदस्यसंख्या चार लाखांच्या वर आहे. म्हणून हस्तलिखित छापण्यापूर्वी एखाद्या चेरोकी वाचकाकडून तपासून घ्यावे. चित्रकारालाही आधीच सांगावे की मुखपृष्ठावर कातडी तंबू आणि पिसांचे मोठे शिरोभूषण नको. त्या काळातले चेरोकी पुरुष डोक्याला कापडी पागोटे बांधत. सिक्वोयाचे प्रसिद्ध चित्र चित्रकारासमोर ठेवले तर वेशभूषेचा बराच प्रश्न सुटेल.