घरच्या माणसाचं रक्त जास्त सेफ असतंय काय?

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. आईचं ऑपरेशन हाय पुढच्या आठवड्यात, डॉक्टरांनी दोन बाटल्या रक्ताची सोय करून ठेवा म्हणून सांगितलंय. त्यावरनं घरात वाद चाललाय. मामा म्हणायलेत ब्लड बँकेतलं नकोच, कुणाचं असतंय कुणास ठाऊक, एड्स-कावीळ लागली म्हणजे? घरचीच पोरं देऊ देत. मी हाय, धाकटा भाऊ हाय, मावसभाऊ पण तयार हाय (त्यानं दोन महिन्यामागं गोव्याला जाऊन टॅटू मारून घेतलाय, चालतंय काय?)

शहापूरचा_पप्पू:
मामा बरोबर बोलायलेत. आपल्या माणसाचं ते आपलंच. डोळे झाकून घ्या.

लॅबवाली_खानापूर:
डोळे झाकून कुणाचंच घेऊ नका ओ. बाटली सख्ख्या भावाची असली तरी एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया ह्या पाच टेस्ट झाल्याशिवाय ब्लड बँकेनं ती द्यायचीच नाही असा नियम आहे. मामांची भीती पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांच्या काळातली आहे, सुप्रीम कोर्टाच्या 1996 च्या निकालामुळं 1 जानेवारी 1998 पासून त्यावर बंदी आली.

खरी अडचण म्हणजे विंडो पिरियड. नवीन लागण झालेली असली की सुरवातीला टेस्टमध्ये काहीच दिसत नाही, एचआयव्हीला साध्या एलायझावर (ब्लड बँकेतली नेहमीची रक्ततपासणी) दोन-तीन आठवडे, कावीळ सी ला तर दोन महिने पण जातात. नॅट टेस्टनं (थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी टेस्ट) हा काळ बराच कमी होतोय पण शून्य होत नाही, शिवाय ती सगळीकडं नसते, सक्तीची पण नाही. मग त्या दिवसांत डोनर स्वतः खरं बोलला तरच बाटली थांबते. आणि घरचा माणूस तिथंच गप्प बसतोय बघा. आई आत ॲडमिट, मामा शेजारी उभे, पोरगा काय सांगणार कुठं काय केलं ते? आपणहून नेमानं देणाऱ्यावर असलं दडपण नसतं आणि त्याचं रक्त दरवेळी तपासून झालेलं असतंय.

जवळच्या नात्यातल्या रक्तात आणखी एक भानगड, क्वचित त्यातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीरात रुजतात आणि पेशंटवरच उलटतात. फार कमी होतं, पण झालं तर बहुतेक वेळा माणूस वाचत नाही, म्हणून असं रक्त रेडिएशन देऊन चढवायला लागतंय. मावसभावाला टॅटूपासून बारा महिने थांबायला सांगा.

निपाणीचा_राजू:
अक्का, रक्त द्यायच्या आधी डोनरकडनं भरून घेतात त्या फॉर्मचं बोला की. आमच्या गल्लीत शिवजयंतीला कॅम्प होता, फॉर्म कानडी नि इंग्लिशमधला, निम्म्या पोरांना कळलाच नाही, सगळ्या प्रश्नापुढं 'नाही नाही' टिक मारत सुटली. एकाला दोन महिन्यामागं डेंगू झालेला, तो पण आत. तपासणारे पण नुसतं बीपी बघून सोडायलेत.

लॅबवाली_खानापूर:
डेंगूला बरं झाल्यावर सहा महिने थांबायचं असतंय. फॉर्म कळत नसेल तर सही करायच्या आधी वाचून सांगा म्हणून अडून बसा, तो फॉर्म टेस्टइतकाच महत्त्वाचा आहे.

टिळकवाडीकर:
टेस्टमध्ये काय निघालं तर घरी फोन करतात काय? धाकटा त्यालाच भ्यायलाय असं वाटतंय.

लॅबवाली_खानापूर:
नाही, फक्त डोनरलाच एकट्याला बोलवून सांगायचं असतंय, आणि एचआयव्ही रिॲक्टिव्ह आलं (म्हणजे लागणीची शंका दिसली) तर पक्कं करायला सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीला (एचआयव्ही तपासणी आणि सल्ला केंद्र) पाठवतात, पहिला रिपोर्ट म्हणजे शेवटचा नव्हे. पण त्याला शंका असेल तर रक्त देऊच देऊ नका, थेट आयसीटीसीत जाऊ दे, तिथं फुकट आणि गुपचूप होतंय. मामांना त्याचं हिमोग्लोबिन कमी हाय म्हणून सांगा.