मदत हवी आहे: घाण्याचा जुना मोठा गिअर, माप जुळतंय पण प्रेशर अँगल वेगळा. घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

निपाणीजवळ आमचं गुऱ्हाळ आहे. घाणा वडिलांच्या वेळचा, मोठा गिअर बिडाचा, 84 दात. गेल्या हंगामात मोळीबरोबर कोयता आत गेला आणि शेजारशेजारचे तीन दात मुळापासून उडाले. ब्रेझिंग (पितळेनं सांधणं) करून हंगाम रेटला, पण प्रत्येक फेऱ्याला तिथं ठक् वाजायचं आणि माझ्या पोटात गोळा यायचा. दिवाळीनंतर ऊस सुरू होईल, त्याआधी सोय लावायची आहे. नवा ओतून दात पाडून घेणं सध्या झेपणारं नाही.

बेळगावात उद्यमबागेत चौकशी करत करत एका जुन्या मशिनरीच्या दुकानात पोचलो. तिथं एक गिअर मिळाला. 84 दात, बाहेरचा व्यास 1092 मिमी. दातांत दोन मिळवून आलेल्या 86 नं व्यासाला भागलं की 12.7, म्हणजे 2 डीपी (दाताच्या आकाराचं इंची माप). माझाही तोच. दुकानदार म्हणाले, "डोळे झाकून न्या, बसतंय."

मी 24 इंची व्हर्नियर नेला होता. माझ्या गिअरवर घरीच 8 दातांवरचं माप घेऊन त्यातून 7 दातांवरचं वजा केलं होतं: 38.6 मिमी. दुकानातल्या गिअरवर 10 मधून 9 वजा केले तर 37.5. या फरकावरून प्रेशर अँगल, म्हणजे दाताच्या बाजूचा तिरकेपणा कळतो: माझा साडेचौदा अंशांचा आणि हा 20 अंशांचा. नुसते दात मोजून नेला असता तर जुन्या पिनियननं (मोठ्याला फिरवणारा छोटा गिअर) त्याला खाऊन टाकलं असतं.

तरी सोडवत नाही. पिनियन नाहीतरी झिजलाय. तो 17 दातांचाच, पण 20 अंशांत नवा केला तर सेंटर (दोन्ही गिअरच्या मध्यांतलं अंतर) तेच राहतं, 641.35 मिमी, बेअरिंगची बैठक हलवावी लागत नाही. शिवाय साडेचौदा अंशांत 17 दातांचा पिनियन मुळाशी कापला जातो, माझ्या पिनियनचे दात तसे खाली बारीकच आहेत. 20 अंशांत तो त्रास नाही. नव्या गिअरचा बोअर (मधलं भोक) मोठा आहे, बुश (आत बसणारी नळी) घालता येईल.

अडलंय ते दोन ठिकाणी.

दातांची एकच बाजू झिजली आहे, नख फिरवलं की मुळाजवळ धार लागते. दुसरी बाजू जवळपास कोरी. गिअर उलटा बसवून कोरी बाजू कामाला लावली तर चालेल ना? हब (शाफ्टवर बसणारा मधला भाग) एका बाजूला जास्त लांब आहे, तो फेसिंग करून (लेथवर तोंड कापून) कमी केला तर चावीला (गिअर शाफ्टवर घट्ट धरणारी पट्टी) पकड पुरेल का?

दुसरं जास्त काळजीचं. हातोडीनं हलकं ठोकलं तर नाद स्वच्छ आला. पण आऱ्यांच्या सांध्यांना रॉकेल लावलं, कोरडं पुसलं आणि खडू घासला. थोड्या वेळानं एका आऱ्यापाशी, रिमला मिळतो तिथं, केसाएवढी ओली रेघ उमटली. बोटभर लांब. ही ओतकामातली जुनी खोट की वापरात गेलेला तडा, कसं ओळखायचं? टोकांना भोकं पाडून बिडाला टाके घालणारे कारागीर असतात, पण इतका भार येणाऱ्या गिअरवर तो उपाय टिकल्याचा कुणाला स्वतःचा अनुभव आहे का?

सोमवारी पुन्हा जाणार आहे. खडूचा प्रयोग परत करणारच. आणखी काय काय तपासू ते सांगा. निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात पिनियनला 20 अंशांचे दात पाडून देणारा भरवशाचा माणूस माहीत असेल तर तेही कळवा.