गावाच्या आरोग्यावर रिसर्च करायचा, पण विषय कोणी ठरवायचा?

उंबरठा: परवा एका सर्व्हेच्या टीमसोबत फिरत होतो, चौदा पानी फॉर्म. तिसऱ्या पानावरच एक बाई म्हणाली, "एवढं लिहून घेताय, पण माझी कंबर कुठं लिहिणार?" फॉर्मात कंबर नव्हतीच! माझं म्हणणं एवढंच की आधी गावाला विचारा काय छळतंय ते, मग विषय ठरवा.

आकडेमोड: अजिबात पटलं नाही. गावाला विचारलंत तर बीपी कधीच यादीत येणार नाही कारण ते दुखत नाही, थेट लकवा मारला की कळतं. कोण कशानं मरतंय ते मोजा आणि त्या क्रमानं पैसा लावा.

सावळी: म्हणजे मरण मोजलं की झालं? डॉ. राणी बंगांनी गडचिरोलीत दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं ते. ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तुमच्या मरणाच्या तक्त्यात यातलं काय दिसणार होतं?

आकडेमोड: हे तर माझ्याच बाजूचं झालं की. तपासलं म्हणून सापडलं, नुसतं विचारून नाही.

सावळी: तपासायला बाई गेली होती म्हणून सापडलं हो. पुरुष फॉर्म घेऊन बसला की "सगळं बरंय" हेच उत्तर येतं, आम्ही अंगावर काढतो.

रात्रपाळी: मोजणीवर एवढा भरवसा ठेवू नका राव. मण्यार रात्री झोपेत चावते, सूज नाही, दुखणं जवळपास नाही, पहाटे पोटात कळ येते न् पापण्या मिटायला लागतात. घरच्यांना वाटतं अपचन. असा माणूस दवाखान्यात न पोचताच गेला तर कारण काय लागणार? जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला तो २०१७ मध्ये, आणि आपली सापाच्या विषावरची लस अजून नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरच.

कोकणी_गडी: तुम्ही दोघंही यादीवरच भांडताय. डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात होते, लाल विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत जात होती, तेव्हा कुठल्या कमिटीनं त्यांना विषय दिला नव्हता. पेशंटशेजारी बसून बघितलं की नेमकं हृदय कसं बंद पडतंय, मग प्राझोसिन देऊन पाहिलं. दगावण्याचं प्रमाण ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आलं. आणि गंमत म्हणजे प्राझोसिन हे बीपीचंच औषध, आकडेमोडसाहेब 😄

आकडेमोड: बावस्करांना नमस्कारच. पण एखादाच बावस्कर निघतो, बाकी ठिकाणी पैसा कुणाला द्यायचा ते नशिबावर सोडायचं का?

कोकणी_गडी: नशिबावर नको, तिथल्या डॉक्टर-नर्सच्या हातात द्या थोडा. आत्ता ते फक्त रकाने भरतात.

उंबरठा: उद्या परत जायचंय त्याच गावात. चौदाव्या पानाची मागची बाजू कोरी आहे, तिथं कंबर लिहून घेणार, वरचे ओरडले तर ओरडले.

आकडेमोड: लिहा. पण मशीन सोबत न्या आणि त्या बाईचं बीपी मोजल्याशिवाय उठू नका.