मदत हवी आहे: सहकारी किराणा दुकानाची फाईल दोनदा परत आली

हिरण्यकेशी
नमस्कार. गावात लोकांच्या मालकीचं किराणा दुकान काढतोय. ४७ जण तयार आहेत, गाळा ठरलाय, दसऱ्याला उघडणार असं सगळ्यांना सांगून झालंय. फाईल दोनदा परत आली. तिसऱ्यांदा नक्की काय जोडू ते सांगा. 'दुकान चालवणं सोपं नसतं' हे कृपया सांगू नका, ते घरी रोज ऐकतेय.

निवृत्त_लेखापरीक्षक
कुठून परत आली? नोंदणीच्या प्रस्तावाची, की त्याआधीच्या नाव आरक्षणाची? त्रुटी लेखी दिल्यात का? पोच घेतली होती का?

हिरण्यकेशी
तालुक्याच्या निबंधक कार्यालयातून. नोंदणीचीच. सगळं तोंडी. पहिल्यांदा म्हणाले कुटुंबं वेगवेगळी हवीत, दुसऱ्यांदा म्हणाले बँकेचा दाखला कुठाय. पोच नाही घेतली.

वारणाकाठ
आयडीत हिरण्यकेशी नदी आहे, म्हणजे आजरा वाटतंय. ताई, एकदा वारणानगरला जाऊन वारणा बाजार हे सहकारी भांडार बघून या. तात्यासाहेब कोऱ्यांनी साखर कारखान्याच्या जोडीने बाजार उभा केला. तिथल्या लोकांना भेटलात तर माल थेट कुठून उचलायचा ते कळेल.

अनघा_पार्ले
मी मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद आहे. १९७५ पासून चालू आहे आणि दुकान नाहीच! शेजारपाजारची कुटुंबं मिळून एक संघ. महिन्याची यादी आधी द्यायची, वाटपाच्या दिवशी एकीच्या घरी माल येतो, आम्हीच तो वाटून घेतो. गाळा नको, नोकर नको, माल पडून राहत नाही. तुम्ही हेच करा.

बारदान
अनघाताई, शहरात पगार एक तारखेला होतो म्हणून महिन्याची यादी जमते. आमच्याकडे बाई संध्याकाळी पावशेर तेल न्यायला येते. तिला महिन्याची यादी कशी करायला लावणार? माझं बावीस वर्षं किराण्याचं दुकान होतं. साखर-तेलात काही सुटत नाही. सुटतं ते मसाला, साबण, चहापत्तीत. आणि दुकान बुडतं ते उधारीने. माझ्या गल्ल्यामागे खिळ्याला वह्या टांगलेल्या असायच्या, त्यातल्या दोन माझ्या चुलत्यांच्याच होत्या. सभासदालाही उधार नाही, हे संस्थेच्या पोटनियमातच घाला.

वारणाकाठ
उधार नाही म्हटलं तर सुगीआधी शेतमजूर येणारच नाही. मग दुकान कोणासाठी काढताय?

बारदान
उधार दिलं तर तो सुगीनंतर येत नाही, हे मी भोगलंय. १८४४ साली इंग्लंडातल्या रॉचडेलच्या विणकरांनीही आपल्या सहकारी दुकानात रोखीनेच विकलं होतं आणि तेही मजूरच होते.

नायगावचा
अपना बाजार हे सहकारी भांडार मुंबईच्या नायगावात १९४८ ला गिरणी कामगारांनीच सुरू केलं. दिवाळीच्या आधी आई मला पिशव्या धरायला न्यायची. रवा, मैदा, डालडा, सगळ्यांची रांग एकच. मापात फसवणूक होणार नाही याची तिला खात्री होती.

शेतकरी_कंपनी
सहकारात पडूच नका. दहा शेतकरी मिळून उत्पादक कंपनी काढा. आमची नोंदणी मुंबई-पुण्याला न जाता ऑनलाइन झाली.

निवृत्त_लेखापरीक्षक
त्यांचं दुकान ग्राहकांचं आहे. उत्पादक कंपनीत सभासद उत्पादकच लागतात. हिरण्यकेशी, शेअरचे पैसे गोळा केलेत का? कुठे ठेवलेत?

हिरण्यकेशी
प्रत्येकी २००० घेतले. माझ्या बचत खात्यात आहेत. हिशोब पै-पैचा आहे. दुकान का काढतोय तेही सांगते: आमच्याकडे घनसाळ पिकतो आणि गावातच घनसाळ म्हणून भेसळीचा तांदूळ विकला जातो. मी मूठभर तांदूळ ताटात पसरून बघितला, अर्धे दाणे लांबट निघाले. घनसाळचा दाणा बुटका असतो, शिजताना घरभर वास येतो. त्या भाताला वासच नव्हता.

निवृत्त_लेखापरीक्षक
तळमळ समजते, पण हे पैसे उद्याच्या उद्या तुमच्या खात्यातून बाहेर काढा. क्रम असा: प्रवर्तकांची म्हणजे संस्था काढणाऱ्यांची सभा, मुख्य प्रवर्तक निवडीचा ठराव, मग नाव आरक्षण आणि खाते उघडायची परवानगी. नियोजित संस्थेच्या नावाने जिल्हा बँकेत खातं काढून त्यात भरणा करा. त्या भरण्याचा बँक देईल तोच तुमचा दाखला. संख्येचं म्हणाल तर १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण, पण निबंधक संस्थेच्या वर्गाप्रमाणे ती वाढवू शकतात. ग्राहक संस्थेचा निकष लेखी मागा. आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. पोच असेल तरच निबंधकांना निर्णयासाठी असलेली दोन महिन्यांची मुदत मोजता येते.

डिजिटल_काटा
बिलिंगला जोडलेला काटा घ्या. काट्याचं मुद्रांकन, म्हणजे सरकारी तपासणी, दरवर्षी करायला विसरू नका.

निवृत्त_लेखापरीक्षक
काटा नंतर. प्रस्तावावर सह्या कोणाकोणाच्या आहेत?

हिरण्यकेशी
पहिल्या दहांत मी, सासूबाई, दीर, जाऊबाई आणि सहा शेजारी. दीर आमच्यापासून वेगळे राहतात, रेशनकार्डही वेगळं. गाळा त्यांचाच आहे.

निवृत्त_लेखापरीक्षक
तिथेच अडलंय. रेशनकार्ड वेगळं असून चालत नाही. कलम ६ च्या स्पष्टीकरणात आई, भाऊ, भावाची बायको सगळे एकाच कुटुंबात धरलेत. तुमच्या दहांत कुटुंबं सातच होतात. प्रस्तावावर घरातलं एकच नाव ठेवा, ४७ मधून निदान तीन घरं नवीन घ्या. गाळ्याचा भाडेकरार झालाय का, आणि कोणी कोणाशी केलाय?

हिरण्यकेशी
तोंडीच ठरलंय. आज रात्री दिरांशी बोलते. शेजारच्या गल्लीतल्या तिघींना उद्या सहीला बोलावते आणि दुपारी बँकेत जाते.