झाडीपट्टीत जन्मभर नाटक करून पोट भरतं का?

वैनगंगाकाठ: बहिणीचा मुलगा डी.एड. होऊन बसलाय. शिक्षकभरतीची वाट न बघता वडशाच्या नाटक कंपनीत जातो म्हणतो. घरात दोन तट पडलेत. मी म्हणतो, जाऊ द्या. धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात, गावोगावी नाटकं लागतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. सोयरेधायरे त्यासाठी मुक्कामाला येतात, सोयरिकीही जुळतात. तिकीट काढून, शाल पांघरून माणसं पहाटेपर्यंत बसतात. असा प्रेक्षक कुठे आहे? झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे याच मातीत राहिले, २०२३ मध्ये पद्मश्री झाले.

धानपट्टा: भाऊ, पद्मश्री एकाला मिळते. बाकीच्यांचा हिशोब नाइटवर. अवकाळी आला, गावच्या मंडळानं प्रयोग रद्द केला, की त्या रात्रीचे पैसे गेले. पावसाळ्यात काय खाणार? ज्याच्याकडे शेती आहे त्याचंच निभतं. रात्रभर संवाद, सकाळी गाडीत झोप, संध्याकाळी दुसऱ्या गावात पुन्हा रंग लावायचा. म्हातारपणी सरकारचं कलावंत मानधन महिना ५,००० रुपये, तेही अर्ज मंजूर झाला तर.

वैनगंगाकाठ: खाजगी शाळेत विनाअनुदानित राबणाऱ्यांना तरी काय मिळतं?

रंगपटातली: मी इथं नटी आहे. धानपट्टा भाऊ पैशाचं खरं बोलले, पण पावसाळ्यात आम्ही रिकामे नसतो. धानाची रोवणी करतो, पुढच्या हंगामाच्या तालमी करतो. मला खुपतं ते वेगळंच. मालिकेतला चेहरा मुंबईहून येतो, पोस्टरवर मोठा तोच, पाकीटही जाड त्याचंच. पहाटे चारला, थंडीनं प्रेक्षक आखडलेला असताना, शेवटचा अंक ओढून नेतो तो इथलाच नट. बाईचं तर चाळिशीनंतर आई-सासूवर येतं. गाता येत असेल तर मात्र कंपनी सोडत नाही. पोराला आधी हार्मोनियमवर बसवा.

धानपट्टा: ताई, तुमचा गळा आहे म्हणून तुम्ही टिकलात. या पोरानं स्टेज पाहिलंय का? एक हंगाम जाऊ द्या, पण भरतीचा फॉर्म भरून. मधेच जाहिरात आली तर परत यावं.

वैनगंगाकाठ: फॉर्म भरेल, तेवढं मान्य. पण हंगाम अर्धा सोडून येणार नाही असं तो आत्ताच म्हणतो, आणि मला तेच पटतं. तारीख ठरलेली असते, सोयऱ्यांना निरोप गेलेले असतात. ऐनवेळी नट पळाला तर अख्ख्या गावाचं नाटक बुडतं.