पॅरा अल्पाइन स्कीइंग: फॅक्टर लावून ठरवलेलं सुवर्णपदक मला पटत नाही

वाटसरू
दिव्यांग खेळाडूंच्या अल्पाइन स्कीइंगची, म्हणजे बर्फाच्या डोंगरउतारावरून वेगाने खाली येण्याच्या शर्यतींची, जागतिक स्पर्धा मी बरीच वर्षं आवर्जून बघतोय, २०२३ ची स्पेनमधल्या एस्पोतची बघितली, २०२५ ची स्लोव्हेनियातल्या मारिबोरची पण, आणि दर वेळी एकाच जागी अडकतो. एक जण वरून सुसाट खाली येतो, प्रत्यक्षात सगळ्यात कमी वेळ त्याचाच, आणि तरी तो दुसरा किंवा चौथा. कारण फॅक्टर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्पर्धेत तीनच गट असतात, उभ्याने स्की करणारे, बसून करणारे आणि दृष्टिबाधित. पण एकेका गटात अपंगत्वाचे कितीतरी वर्ग असतात, उभ्यांच्या गटात एका पायावर स्की करणारा पण आहे आणि एक हात नसलेला पण आहे. मग प्रत्येक वर्गाला एक आकडा ठरवून दिलाय, तोच फॅक्टर, अडचण जास्त तर आकडा लहान, आणि खेळाडूचा खरा वेळ त्या आकड्याने गुणतात. समजा एकाला ६२ सेकंद लागले आणि त्याचा फॅक्टर ०.९०, तर त्याचे झाले ५५.८०. दुसऱ्याला ६० लागले पण फॅक्टर ०.९५, त्याचे ५७. म्हणजे दोन सेकंद उशिरा आलेला जिंकला.

माझं म्हणणं सरळ आहे, निदान जागतिक स्पर्धेत तरी प्रत्येक वर्गाला स्वतंत्र पदक द्या. एका पायाच्या खेळाडूने एका पायाच्या खेळाडूशी लढावं, शर्यत उतारावर ठरावी, गुणाकारात नाही. तुम्हाला काय वाटतं?

काजवा
अजिबात सहमत नाही. तुम्ही जे मागताय ते आधी होतंच की! २००२ च्या सॉल्ट लेक सिटी पॅरालिम्पिकमध्ये नुसत्या अल्पाइनच्या ५३ शर्यती होत्या. २००६ ला तोरिनोमध्ये तीन गट केले आणि त्या २४ वर आल्या. हे उगाच नाही केलं. वर्ग इतके बारीक होते की काही शर्यतींत मोजकेच खेळाडू उरायचे, तिघं उतरली आणि तिघंही खाली पोचली तर तिघांनाही पदक. मला सांगा, ज्याने आयुष्यातली दहा वर्षं बर्फात घातली त्याला असं पदक गळ्यात घालून काय वाटत असेल? लोक त्याचं अभिनंदन करताना मनात काय म्हणत असतील? दिव्यांगांच्या खेळाला लोक आधीच "सगळ्यांनाच बक्षीस देतात" असं म्हणतात, त्यांच्या हातात आपणच कोलीत का द्यायचं.

वाटसरू
काजवा, तिघांत मिळालेलं पदक पोकळ आणि आकडेमोडीत मिळालेलं भरीव, हे कसं काय? पहिल्यात निदान समोरच्याला हरवलंय.

धुकं
मी एका परदेशी शहरात शिकायला असताना दोन हिवाळे पॅरा शर्यतींना स्वयंसेवक म्हणून गेटवर, म्हणजे खेळाडूंना ज्यांच्यामधून वळत जावं लागतं त्या खांबांपाशी, उभा राहिलो होतो, त्यामुळे टीव्हीवर जे दिसत नाही ते थोडं लिहितो, लांबेल, सांभाळून घ्या.

फॅक्टर हा एक आकडा आहे पण उतार एकसारखा नसतो ना. जिथे उतार खडा असतो तिथे एका पायावरचा खेळाडू सुद्धा भन्नाट येतो, एकच स्की, दोन्ही हातात आउटरिगर म्हणजे खाली छोटी स्की लावलेल्या कुबड्या, आणि तोल इतका सुंदर की बघत राहावं. पण मध्ये सपाट पट्टा लागला की दोन पायवाला चार पावलं स्केटिंग करून वेग धरतो आणि एका पायवाल्याला ते करताच येत नाही, तो नुसता खाली वाकून आहे तो वेग टिकवायची धडपड करतो. ज्या कोर्सवर सपाट पट्टा मोठा तिथे त्याचं नुकसान जास्त, आणि फॅक्टर मात्र तोच. हां, शर्यतीच्या प्रकाराप्रमाणे तो बदलतो, जवळजवळच्या गेटमधून वळत जायच्या स्लॅलमचा वेगळा, लांब वळणांच्या जायंट स्लॅलमचा वेगळा, डाउनहिल आणि सुपर-जी या वेगाच्या शर्यतींचा वेगळा असतो, पण या डोंगराचा वेगळा आणि त्या डोंगराचा वेगळा असं नसतं.

बर्फाचं पण तेच. शेवटी सुटणाऱ्याला गेटपाशी खोल चर पडलेले मिळतात. सिट-स्कीवाल्याला, म्हणजे स्कीवर बसवलेल्या सीटवरून उतरणाऱ्याला, ते चर थेट पाठीत लागतात, सीटखाली शॉक अ‍ॅब्सॉर्बर असला तरी. मी ज्या गेटवर होतो तिथे एक जण त्या चरात उसळून आडवा झाला आणि त्याच्या आधीचे बारा जण तिथून नीट गेले होते. त्याचा वर्ग कोणताही असो, त्या क्षणी त्याला फॅक्टरचा काय उपयोग.

त्यामुळे वाटसरूंचं दुखणं खरं आहे. पण औषध चुकीचं आहे असं मला वाटतं, का ते काजवाने लिहिलंच आहे.

पाऊलखूण
मला हा गुणाकाराचा राग कळत नाही. डेकॅथलॉनमध्ये काय असतं? धावण्याचे सेकंद आणि भालाफेकीचे मीटर एका तक्त्यातून गुणांत बदलतात आणि त्यावर जगातला सर्वोत्तम अ‍ॅथलीट ठरतो, तिथे कुणी म्हणत नाही की तक्त्याने जिंकला. स्की जंपिंगमध्ये वारा कसा होता, सुरुवातीचं गेट किती वर होतं याचे गुण वजा-अधिक होतात, लांब उडी मारलेला हरतो, चालतंच की. अपंगत्वाचा विषय आला की मात्र आपल्याला एकदम "शुद्ध" निकाल हवा असतो.

आणि फॅक्टरमुळे बघणाऱ्याला निकाल कळत नाही असं कुणी म्हणेल तर ते पण अर्धंच खरं. प्रक्षेपणात घड्याळच फॅक्टरप्रमाणे हळू चालवून दाखवतात, पुढे असेल तर हिरवं, मागे असेल तर लाल. खाली पोचला की लगेच नंबर दिसतो.

वाटसरू
डेकॅथलॉनची तुलना नाही पटली हो. तिथला तक्ता सगळ्यांना सारखा असतो. इथे तक्ता माणसाप्रमाणे बदलतो. वाऱ्याचं पण तसंच, वारा यंत्राने मोजता येतो, शरीराची उणीव कशाने मोजणार?

आणि आकड्यात जराशी चूक झाली तर काय होतं बघा. साठ सेकंदांच्या शर्यतीत फॅक्टर ०.०१ ने इकडचा तिकडे झाला तर ०.६ सेकंदाचा फरक पडतो. या खेळात पहिला आणि चौथा यांच्यात कधी कधी तेवढं पण अंतर नसतं! फॅक्टर दशांशानंतर चार आकड्यांपर्यंत छापतात म्हणून तो अचूक वाटतो, पण तो निघतो मागच्या निकालांवरून. म्हणजे एखाद्या छोट्या वर्गात एकच खेळाडू अफाट तयारीचा निघाला तर आकडा सांगणार की या वर्गाला फार अडचण नाही, आणि पुढच्या वेळी त्याच वर्गातल्या साध्या खेळाडूंनी त्याची शिक्षा भोगायची. वेग त्याच्या मेहनतीचा होता, अपंगत्व कमी होतं म्हणून नव्हता.

टिपूर
+१ वाटसरू. शेवटचा परिच्छेद हाच खरा मुद्दा.

काजवा
मुद्दा चांगला आहे, मान्य. पण नावं घेऊन बोलूया. जर्मनीचा गेर्ड शोनफेल्डर, १९८९ मध्ये रेल्वे अपघातात उजवा हात गेला, १९९२ ते २०१० मध्ये पॅरालिम्पिकची १६ सुवर्णं. त्याने जुन्या पद्धतीत पण जिंकलं आणि तीन गट झाल्यावर पण जिंकलं, व्हँकुव्हरला २०१० मध्ये पण सुवर्णपदकं घेऊन गेला. फ्रान्सची मारी बोशे, डावा हात कोपराखाली नाही, २०१४ ला सोचीत चार सुवर्णं आणि २०१८ ला प्यॉंगचांगमध्ये परत चार, सगळी फॅक्टरच्या जमान्यातली. खरोखर श्रेष्ठ असलेला माणूस दोन्ही पद्धतींत वर येतो. फॅक्टरने फार तर दुसरा-तिसरा इकडे तिकडे होत असेल.

वाटसरू
"फार तर दुसरा-तिसरा"? ज्याचं कांस्यपदक गेलं त्याला सांगून बघा. आणि तुम्ही घेतलेली दोन्ही नावं हात नसलेल्यांची आहेत, दोन्ही पाय शाबूत असलेल्यांची. एका पायावर उतरणाऱ्यांची नावं का नाही आठवली पटकन?

काजवा
हे मी लिहिताना लक्षात घेतलं नव्हतं. विचार करायला हवा.

सांजवारा
मी सिट-स्कीबद्दल लिहिते, कारण माझा भाऊ कमरेखाली हलू शकत नाही आणि त्याच्याबरोबर मी या शर्यती बघायला लागले. भाऊ स्की करत नाही, पण तो एका नजरेत सांगतो की याच्या पोटाचे स्नायू काम करतात की नाही. बसणाऱ्यांचा गट वरून एकसारखा वाटतो, सगळे साच्यात बसवलेल्या सीटवर, खाली एक स्की, हातात आउटरिगर. पण आत फार फरक आहे. ज्याचे मांडीपासून पाय नाहीत पण पोट-पाठीचे स्नायू पूर्ण आहेत तो वळताना कमरेतून आत झुकतो. ज्याचा मणका वर छातीपाशी दुखावलाय त्याला कमरेतून झुकताच येत नाही, तो डोकं, खांदे आणि हात यांच्यावर सगळं वळण काढतो, आणि डाउनहिलला सिट-स्की ताशी १०० किलोमीटरच्या वर जाते, त्या वेगात! पडला तर हात टेकून स्वतःला सावरणं पण अवघड.

वाटसरू म्हणतात तसं यांना वेगवेगळं करा, तर वरच्या दुखापतीचे खेळाडू आधीच कमी, त्यात बायका अजून कमी. त्या वर्गाची स्वतंत्र शर्यत म्हणजे दोन-तीन जणी, आणि पुढच्या खेपेला आयोजक म्हणणार एवढ्यांसाठी शर्यत ठेवणं परवडत नाही, रद्द करा. फॅक्टरमुळे त्यांना मोठ्या शर्यतीत जागा तरी आहे. माझ्या भावाला त्या शर्यतीत स्वतःसारखं कुणीतरी दिसणं महत्त्वाचं वाटतं, निकाल नंतर.

वाटसरू
सांजवारा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शर्यतच रद्द होईल ही बाजू मी खरंच धरली नव्हती.

टिपूर
पण मग दृष्टिबाधितांचं बघा. ज्याला अजिबात दिसत नाही त्याला काळा गॉगल लावून उतरावं लागतं, म्हणजे उजेडाचा अंदाज पण नको, आणि त्याच गटात अंशतः दिसणारे असतात. पुढे गाईड, कानात ब्लूटूथवर त्याचा आवाज, "डावं, डावं, सोड, उजवं". संपूर्ण अंधारात डोंगर उतरणं आणि धूसर दिसत असताना उतरणं, यातलं अंतर कोणता गुणाकार भरून काढणार? हे मला तरी दोन वेगळे खेळ वाटतात.

पाऊलखूण
टिपूर, वेगळे खेळ म्हटलं की पुढची पायरी वेगळी स्पर्धा आणि त्याच्या पुढची विस्मरण. गाईडचा विषय काढलाच आहे तर, मला हा गट सगळ्यात जवळचा वाटतो तो त्या जोडीमुळे. गाईडला पण पदक मिळतं आणि मिळायलाच पाहिजे, तो स्वतः पुढे उतरतोय, मागच्याच्या वेगावर कान आहे, आणि तोंडाने सतत बोलतोय. २०२२ च्या बीजिंग पॅरालिम्पिकमध्ये ब्रिटनच्या नील सिम्पसनने सुपर-जीचं सुवर्ण घेतलं तेव्हा पुढे त्याचा भाऊ अँड्र्यू होता. ऑस्ट्रियाच्या व्हेरोनिका आयग्नरची गाईड तिची बहीण एलिझाबेथ, आणि व्हेरोनिकाची धाकटी जुळी भावंडं बार्बरा आणि योहानेस, ती पण त्याच बीजिंगमधून पदकं घेऊन आली. एका घरातून एवढं! त्या जोड्यांमधला विश्वास कुठल्या फॅक्टरमध्ये मोजतात? नाही मोजत, आणि तरी जिंकण्यात त्याचा वाटा असतोच. प्रत्येक खेळात मोजता न येणारं काहीतरी राहतंच.

धुकं
थोडं वेगळं. २०२२ पासून ही जागतिक स्पर्धा आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीकडून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाकडे, म्हणजे फिसकडे गेली आहे. जे धडधाकट खेळाडूंची जागतिक स्पर्धा घेतात तेच आता हीसुद्धा घेतात. मग दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच पंधरवड्यात का नाही? १९८४ ला साराएव्होच्या आणि १९८८ ला कॅलगरीच्या ऑलिम्पिकमध्ये दिव्यांग स्कीपटूंच्या प्रात्यक्षिक शर्यती झाल्या होत्या. प्रेक्षक वाढले तर खेळाडू वाढतील, खेळाडू वाढले तर वर्ग भरतील, आणि वर्ग भरले तर वाटसरूंची मागणी आपोआप शक्य होईल. फॅक्टर हा कमी संख्येवरचा तोडगा आहे, संख्या वाढवा.

काजवा
एकत्र घेतलं तर यांच्या शर्यती सकाळी लवकर किंवा शेवटी, उरलेल्या बर्फावर. तुम्हीच वर चरांबद्दल लिहिलंय! स्वतःची स्पर्धा असली की डोंगर दिवसभर यांचा असतो. १९४८ मध्ये ऑस्ट्रियात बाडगास्टाइनला युद्धात जखमी झालेल्यांच्या काळात पहिली नोंदलेली स्पर्धा झाली तेव्हा १७ खेळाडू होते, १९७४ ला फ्रान्समध्ये ल ग्राँ-बोर्नांला पहिली जागतिक स्पर्धा, सिट-स्कीला पॅरालिम्पिकमध्ये जागा मिळायला १९८८ उजाडलं. हे सगळं स्वतंत्र उभं राहिलंय, कुणाच्या मागे मागे जाऊन नाही.

धुकं
वेळापत्रक माणसंच बनवतात, काजवा. सकाळचा ताजा बर्फ यांना द्यायचा ठरवलं तर देता येतो. मी उभा होतो तिथे अर्धं मैदान रिकामं असायचं, खेळाडूंचे आईवडील आणि प्रशिक्षक तेवढे. ते बघितल्यावर "स्वतःचा डोंगर" हा शब्द मला जड जातो.

वाटसरू
एवढं वाचून माझी मागणी बदलतोय, पूर्ण सोडत नाहीये. सुवर्णपदक फॅक्टरवरच राहू दे, सांजवारांनी लिहिलंय त्या कारणासाठी. पण दोन गोष्टी करा. एक, पडद्यावर हळू चालणाऱ्या घड्याळाशेजारी खरा वेळ पण दाखवा, आत्ता खेळाडूने खरंच किती सेकंदात डोंगर उतरला ते बघणाऱ्याला समजतच नाही आणि तो त्याच्या कष्टाचा आकडा आहे, लपवायचा का. दोन, जागतिक स्पर्धेत एखाद्या वर्गात आठ-दहा खेळाडू असतील तर त्या वर्गातल्या सर्वात वेगवानाला त्याच मंचावर बोलवा, वेगळी शर्यत नको, त्याच शर्यतीतून. एका पायावर उतरणाऱ्यांत जगात पहिला कोण, हे त्या माणसाला कळायला हवं आणि आम्हालाही.

सांजवारा
खऱ्या वेळाला माझा पाठिंबा. मंचाचं नाही पटत. आठ-दहाची अट घातली की माझ्या भावासारखी दुखापत असलेले परत खालीच उभे राहणार, कारण ते कधीच आठ नसतात.

वाटसरू
मग अट तीनची ठेवूया?

सांजवारा
अट का ठेवायची, हे आधी सांगा.